स्वतःचं पुस्तक स्वतःच छापायचं आणि विकायचं कसं: पारोळ्याच्या गल्ल्यावरून

माझं जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्याच काउंटरवर एका कोपऱ्यात माझीच दोन पुस्तकं पण ठेवलेली असतात. पहिलं पैसे भरून एका प्रकाशकाकडून काढलं, दुसरं सगळं स्वतः केलं, आणि तेव्हापासून महिन्यातून एक-दोन जण तरी वही घेऊन दुकानावर येतात, कुणी रिटायर्ड सर, कुणी कविता करणारं पोरगं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "आप्पा, कितलं भांडवल लागनं?" प्रश्न बरोबर आहे पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की पैसे देऊन घेणारी माणसं किती. दुकानात कपाशीचं बियाणं भरताना मी आधी गावं मोजतो, मग पाकिटं मागवतो, तसंच.

म्हणून सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि नावं लिहा. फक्त ओळखीच्यांची नाही, जी माणसं खिशात हात घालून दोनशे रुपये काढतील त्यांची. भाऊबंद, साडू, मेहुणे, सोसायटीचे चेअरमन यांना वेगळ्या पानावर टाका, कारण ते "आम्हाले काय विकत देशील का भो" म्हणणार आणि त्यांना फुकट द्यावंच लागतं. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी विकत घेणाऱ्यांच्या पानावर १४० नावं झाली, मी त्याच्या दुप्पट धरून ३०० प्रती छापल्या. पहिल्या वेळी वही वगैरे काही केलं नव्हतं, प्रकाशकाने हजार म्हटलं, मी हो म्हटलं. सहाशे घरी आल्या, बाकीच्या "वितरणात आहेत" असं ते सांगत राहिले, नंतर फोन उचलणं बंद झालं. घरी आलेले खोके युरियाच्या गोडाऊनमध्ये ठेवले, पहिल्याच पावसाळ्यात खालच्या थराला ओल आली आणि वरच्या थराला कसर लागली.

पैसे घेऊन छापून देणाऱ्यांकडे जाणार असाल तर

जाऊच नका असं मी म्हणत नाही, सगळ्यांना वेळ नसतो. पण चार गोष्टी कागदावर घ्या. एकूण प्रती किती आणि त्यातल्या तुमच्या घरी किती. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर) कुणाच्या नावावर. मांडणीची आणि मुखपृष्ठाची ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती, नुसती पीडीएफ नाही) तुम्हाला मिळणार का. आणि पुन्हा छापायचं ठरलं तर तुम्ही दुसरीकडे छापू शकता का. यातल्या एकाचं जरी उत्तर "ते बघू नंतर" असं आलं तर चहा पिऊन उठा.

मजकूर

लिहून झालं की महिनाभर हात लावू नका, मग मोठ्याने वाचा. डोळ्याला जे दिसत नाही ते जिभेला अडखळतं. त्यानंतर दोन माणसांना द्या, एक मराठी शिकवणारं आणि एक अजिबात न लिहिणारं पण वाचणारं. माझ्या वेळी दुसरी व्यक्ती म्हणजे आमच्या पोस्टातल्या एक ताई होत्या, त्यांनी तिसरी कथा "ही काहून आहे इथं?" एवढंच विचारलं आणि मी ती काढून टाकली.

प्रूफरीडर मात्र पैसे देऊनच लावा, पानाप्रमाणे घेतात. शुद्धलेखनाचे नियम आपल्याकडे तसे थोडेच आहेत, साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४, एकूण १८, पण स्वतःच्या लिखाणात स्वतःची चूक दिसत नाही हा एकोणिसावा.

आपल्याकडे अजून एक लफडं असतं ते अहिराणीचं, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीचं. संवाद अहिराणीत असतील तर लिहायचं कसं हे आधी ठरवा. 'शे' का 'से', 'डोया' का 'डोळा', धुळ्याकडचं वेगळं, नंदुरबारकडचं वेगळं, जळगावपासून भुसावळ-रावेरकडे गेलं की लेवा बोली लागते ती अजूनच वेगळी. कुठलंही घ्या, पण एकच घ्या. मी एका कागदावर चाळीस-पन्नास शब्दांचा तक्ता करून प्रूफरीडरला दिला, नाहीतर तो बिचारा माझं 'शे' सगळीकडे 'आहे' करत बसला असता.

दुसऱ्याच्या ओळी वापरताना जपून. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण २०११ पासून खुलं आहे, पण सिनेमातलं गाणं किंवा आजच्या कवीची कविता प्रकरणाच्या वर छापायची तर परवानगी लागते. जात्यावरच्या ओव्या, कानबाईच्या, आखाजीच्या सणाची गाणी पिढ्यानपिढ्या सगळ्यांची आहेत, ती बिनधास्त घ्या, फक्त कुणाकडून ऐकली ते सांगा, त्या मावशीला बरं वाटतं. तुमच्या स्वतःच्या मजकुराचा कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि गावातलं खरं माणूस कथेत असेल तर नाव, आडनाव, गल्ली, धंदा, चारही बदला. मी नाव बदललं पण त्याची बुलेट तशीच ठेवली. सहा महिने तो माझ्याकडून खत घेत नव्हता.

डीटीपी, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं मांडणं. जळगाव-धुळ्यात डीटीपीवाले बरेच अजूनही श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरवर काम करतात, हात बसलेला असतो. छपाईला ते चालतं, पण तीच फाइल उद्या ई-पुस्तकाला, वेबसाइटला किंवा मोबाइलला द्यायला गेलात तर नुसतं इंग्रजी अक्षरांचं भरीत दिसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच (मोबाइल, कॉम्प्युटर सगळीकडे मराठीच दिसतं ते टायपिंग) टाइप करा आणि मांडणी पण इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टवरच करायला सांगा. जुना मजकूर श्रीलिपीत असेल तर कन्व्हर्टरने बदलता येतो, पण नंतर ओळ न ओळ तपासावी लागते. सगळ्यात जास्त मार खातो तो अर्धा ऱ्य. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि माझ्या पहिल्या पुस्तकात सातपुड्यात चक्क तीन ठिकाणी समुद्र आला होता.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. बऱ्याच फुकटच्या फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलेलं आहे, आणि वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा तिरो देवनागरी मराठी हे फुकट आहेत आणि चांगले आहेत. साइझ १३ किंवा १४ ठेवा, तुमचं पुस्तक घेणारे निम्मे लोक चष्मेवाले असणार आहेत.

मग फॉर्म्याचं गणित. आपलं नेहमीचं कथा-कादंबरीचं पुस्तक डेमी साइझमध्ये असतं, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. ऑफसेटला (प्लेट बनवून होणारी छपाई) छापताना मजकूर १६३ पानांवर गेला तर वरच्या तीन पानांसाठी तुम्ही अकराव्या फॉर्म्याचे पैसे भरता. तेव्हा मनोगत आखडतं घ्या, दोन प्रस्तावनांपैकी एक काढा, १६० मध्ये बसवा. दोन प्रस्तावना तशाही कुणी वाचत नाही.

मुखपृष्ठ चित्रकाराकडून करून घ्या, नेटवरून उचललेलं चित्र वापरू नका, त्याला पण कॉपीराइट असतो. डिझाइन आलं की ते व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा आणि लांबून बघा, कारण निम्मं गिऱ्हाईक ते अंगठ्याएवढंच बघणार. नाव वाचता आलं पाहिजे. कण्याची जाडी कागद ठरल्यावरच कळते, त्यामुळे कागद आधी, फायनल कव्हर नंतर.

आयएसबीएन आणि कागदपत्रं

बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर असतो तसा पुस्तकाचा आयएसबीएन, १३ आकडी, भारतातला ९७८-८१ नाहीतर ९७८-९३ ने सुरू होतो. तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, आणि नीट ऐका, फुकट मिळतो. लेखक स्वतःच्या नावावर अर्ज करू शकतो. माझ्याकडून पहिल्या वेळी याचे वेगळे पैसे घेतले होते आणि मी दिले होते. अर्ज छपाईच्या दोन-तीन महिने आधी टाका, प्रेस तयार आणि नंबर नाही असं झालं तर दोघांचा जीव टांगणीला. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा नंबर लागतो.

श्रेयाच्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक (म्हणजे तुम्हीच, पत्त्यासकट), मुद्रक, आवृत्ती, तारीख, आयएसबीएन, किंमत, मुखपृष्ठ कुणाचं हे सगळं पाहिजे. आणि प्रकाशक झालात की एक कर्तव्य पण लागू होतं जे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवायची असते. चार प्रती जातात, पण गोडाऊनला कसर लागली तरी कोलकात्यात तुमचं पुस्तक शाबूत राहतं.

तारखेचं पण बघा. राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार त्या-त्या कॅलेंडर वर्षात पहिली आवृत्ती निघालेल्या पुस्तकांना असतात, पहिल्या पुस्तकासाठी वेगळे गट पण आहेत, आणि प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतात. पुस्तक डिसेंबरच्या शेवटी काढलंत तर धावपळ होते, जानेवारीत काढलंत तर वर्ष हातात राहतं. अजून एक, पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हस्तलिखित त्यांच्याकडे द्यावं लागतं, वेळ लागतो, पण खिशाला हात लावण्याआधी तिकडे एकदा बघा.

छपाई

ऑफसेटला प्लेटचा खर्च सुरुवातीलाच बसतो, मग प्रती जितक्या जास्त तितकी एक प्रत स्वस्त. डिजिटलला प्लेट नाही, त्यामुळे शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल बरं, तीनशे-पाचशेच्या पुढे ऑफसेटचं विचारा. तीन ठिकाणचे रेट घ्या, जळगाव, नाशिक, पुणे, पण तिघांना एकच माप सांगा, डेमी, १६० पानं, ७० जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन) नॅचरल शेड, ३०० जीएसएम आर्ट कार्ड कव्हर, मॅट लॅमिनेशन. नाहीतर प्रत्येक जण वेगळा कागद धरून रेट देतो आणि तुम्ही आंबा आणि कैरीची तुलना करत बसता.

बाइंडिंगला शिलाई मागा. नुसत्या गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग स्वस्त असतं, पण आपल्याकडचा मे महिना लक्षात घ्या. मी चाळीस प्रती गाडीच्या डिक्कीत ठेवून शिरपूरला गेलो, दुपारी डिक्की उघडली तर कण्याचा गोंद मऊ पडलेला, दोन पुस्तकं उघडल्याबरोबर पानं हातात. एकाच बाजूने लॅमिनेशन असलं की पावसाळी हवेत कव्हर पापडासारखं वळतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये छापायचं मी टाळतो. आणि पूर्ण छपाईच्या आधी एक डमी प्रत हातात घ्या, आख्खी चाळा, पान नंबर बघा.

किंमत, म्हणजे खरा हिशेब

आकडे समजण्यासाठी घेतो. ३०० प्रती, छपाई-बाइंडिंग प्रतीला ८५ रुपये. डीटीपी, प्रूफ, मुखपृष्ठ मिळून एकदाच १६,००० रुपये. एकूण ४१,५००, म्हणजे प्रत साधारण १३८ रुपयांना पडली. किंमत ठेवली २५०. आता वितरकाने ४५ टक्के कमिशन कापलं (चाळीस-पन्नास मागतातच) तर तुमच्या हातात १३७ रुपये ५० पैसे. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे तुम्ही वरून ऐंशी पैसे घालताय. तेच पुस्तक स्वतः २० टक्के सूट देऊन २०० ला विकलं तर ६२ रुपये राहतात. म्हणून पहिल्या ३०० प्रती स्वतःच्या हाताने विका असं मी सगळ्यांना सांगतो. ते १६,००० एकदा निघाले की दुसऱ्या छपाईला प्रत ८५ च्या आसपास पडते, तेव्हा वितरकाकडे खुशाल जा. पुस्तकावर जीएसटी नाही हे पण बरं आहे.

विकायचं कुठे

प्रकाशन समारंभ. मंगल कार्यालय, मंडप, शाली, नारळ, जेवण, पुण्याहून पाहुणे, त्यांची गाडी. छपाईपेक्षा जास्त खर्च होतो आणि त्या दिवशी खपतात तीस प्रती. वाचनालयाच्या हॉलमध्ये करा, चहा-बिस्किट ठेवा, एकच पाहुणा आणि तोही पुस्तक वाचलेला. बोलणारा प्रत्येक जण बहिणाबाईंचं उदाहरण देणार हे धरून चाला, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि कविता पुस्तक म्हणून १९५२ मध्ये आल्या, हे ऐकून लोक हळहळतात आणि फुकट प्रत घेऊन घरी जातात. टेबल दारातच लावा, क्यूआर कोड मोठा छापा, आणि टेबलावर स्वतः बसू नका, भाच्याला बसवा. लेखकाला फुकट मागता येतं, भाच्याला नाही.

आपल्याकडे पैशाचं पण कॅलेंडर असतं. जून-जुलैत पेरणी, शेतकऱ्याच्या हातात रुपया नसतो, माझ्या दुकानाची उधारीची वही तेव्हाच जाड होते. कापूस विकला जातो तेव्हा, दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, बाजारात पैसा फिरतो. पण पुस्तकाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शिक्षक, त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. शाळेत आधी मुख्याध्यापकांना विचारून मुलांसमोर अर्धा तास गोष्ट सांगा, पैसे मागू नका, स्टाफरूममध्ये पाच-सहा प्रती जातात. यात्रेत मी एकदा बसून बघितलं. अध्यात्म आणि पाककृती चालतात, ललित नाही.

वाचनालयं हा मोठा आधार आहे. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यात पुस्तक खरेदी असते. अनुदान आलं की खरेदी होते, तेव्हा त्याच्या आधीच ग्रंथपालांना एक प्रत दाखवून, बिल कसं लागतं ते विचारून ठेवा. जिल्हा ग्रंथोत्सव दरवर्षी होतो, तिथे एकाच छताखाली खेडोपाडीचे ग्रंथपाल भेटतात, एकट्याला जागा परवडत नसेल तर चार लेखक मिळून एक गाळा घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयात ९७ वं अखिल भारतीय संमेलन झालं, तेव्हा आम्ही तिघांनी असंच केलं. पहिले दोन दिवस लोक नुसते हाताळत होते आणि मी वैतागलो होतो, तिसऱ्या दिवशी दुपारनंतर परत जाताना त्यांनीच येऊन घेतलं. तेव्हापासून मी शेवटच्या दिवशीसाठी प्रती राखून ठेवतो.

मोबाइलवर

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची होते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पुस्तक देताना "नंबर सेव्ह करा" म्हणायचं विसरू नका. गावच्या ग्रुपवर रोज कव्हर टाकू नका, लोक म्यूट करतात. त्यापेक्षा एक परिच्छेद स्वतःच्या आवाजात वाचून दीड मिनिटाचा व्हिडिओ टाका. माझा सगळ्यात जास्त फिरलेला व्हिडिओ अहिराणी संवादाचा होता, सुरत आणि पुण्यात कामाला गेलेल्या आपल्या पोरांनी फिरवला, आणि ऑर्डरी पण तिकडूनच आल्या.

पाठवायला पोस्ट. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची सेवा आहे, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. १६० पानी डेमी पुस्तक १९०-२०० ग्रॅम भरतं, म्हणजे सहज बसतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, आत जाहिराती चालत नाहीत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका, प्लास्टिकची पिशवी आणि वर पुठ्ठा.

वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी दोन-दोन प्रती पाठवतात, निदान 'साभार पोच'मध्ये (आलेल्या पुस्तकांच्या यादीत) नाव येतं. त्याने विक्री होत नाही, पण कात्रण फोटो काढून स्टेटसला ठेवलं की होते.

ई-पुस्तक करायचं तर किंडलवर मराठी चालतं, अकाउंट फुकट, पॅन आणि बँक खातं लागतं. ७० टक्के रॉयल्टी भारतातल्या विक्रीवर हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या अॅमेझॉनच्या योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, नाहीतर ३५ टक्के. माझा अनुभव, आपल्या भागात ई-पुस्तकातून चहापाण्याचे पैसे सुटतात, जास्त नाही. पण श्रीलिपीचा घोळ केला नसेल तर एका संध्याकाळचं काम आहे, मग करायला काय जातं.

वही

परत त्या दोनशे पानी वहीवर येतो. कुठल्या दुकानात किती प्रती ठेवल्या, कुणाला उधार, कुणाला भेट, पोस्टाची पावती, सगळं तारखेनिशी. स्टेशनरीवाल्याकडे पाच प्रती ठेवल्या तर दर तीन महिन्यांनी जाऊन हिशेब करा, लेखक म्हणून लाजलात तर पैसे गेले, मी बियाण्याची उधारी मागतो त्याच आवाजात मागतो. वहीत पन्नास प्रती शिल्लक दिसल्या की पुन्हा छापायचं बघा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर आयएसबीएन तोच चालतो, मजकूर बराच बदललात तर नवी आवृत्ती आणि नवा नंबर. आणि पाच प्रती घरातल्या कपाटात कुलूप लावून ठेवा, किल्ली बायकोकडे, कारण पुढच्या लग्नसराईत पाहुणे आले की ज्यांना एकदा फुकट दिलंय तेच परत मागतात, आधीची हरवली म्हणून.